दांडा हातात, रबर आत

माझा धंदा इंजेक्शन मोल्डिंगचा आहे असं सांगितलं की निम्म्या नातेवाइकांना वाटतं, मी इंजेक्शनं बनवतो. एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या काकूंनी गुडघ्यासाठी कोणतं चांगलं म्हणून विचारलं होतं. प्रत्यक्षात वितळलेलं प्लास्टिक साच्यात, म्हणजे मोल्डमध्ये, दाबून वस्तू काढायच्या, हा माझा धंदा. नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत माझं पत्र्याचं शेड आहे. तीन मशिनी, मागे एक टूलरूम, आणि मुख्य माल म्हणजे तेलाच्या, शाम्पूच्या बाटल्यांची फ्लिप-टॉप झाकणं. झाकणाची बिजागरी म्हणजे प्लास्टिकचाच एक पातळ पापुद्रा. तो हजार वेळा वाकला तरी तुटता कामा नये. पंधरा वर्षं मी न तुटणारं प्लास्टिक बनवत आलो. मग एकदा वापरली की कायमची निकामी होईल अशी सिरिंज करायचं डोक्यात घेतलं, आणि दीड वर्ष त्यात गेलं.

सुरुवात २०२२च्या जुलैत झाली. मध्य प्रदेशात सागरला एका शाळेत कोविडची लस देताना एकाच सिरिंजने ३९ विद्यार्थ्यांना टोचलं, ही बातमी तेव्हा सगळीकडे होती. मला एकच सिरिंज दिली होती, असं टोचणाऱ्याचं म्हणणंही छापून आलं होतं. आम्ही मानेवाड्याला ताईकडे जेवायला बसलो होतो. ताई माझी थोरली बहीण, तिची सगळी नोकरी ग्रामीण भागातल्या आरोग्य केंद्रांत परिचारिका म्हणून गेलेली, आता निवृत्त. मी आपलं बोलून गेलो, की त्या माणसाला लाज कशी वाटली नाही. ताई भाजी वाढता वाढता म्हणाली, "एडी असती तर दुसऱ्या पोरालाच अडकली असती. लाजेवर कशाला सोडता रे तुम्ही?"

एडी म्हणजे ऑटो डिसेबल, एकदा वापरली की आपोआप निकामी होणारी. बाळांच्या लसीकरणात वापरतात ती, ०.५ मिलीची. बीसीजीसाठी तिचीच धाकटी बहीण येते, ०.१ची. ताईने सगळा काळ पाहिलेला आहे. ती नोकरीला लागली तेव्हा काचेच्या सिरिंजा होत्या. त्या स्टोव्हवर वीस वीस मिनिटं उकळायच्या, सुई बोथट झाली की दगडावर घासायची. म्हणजे पुन्हा वापरणं हीच तेव्हाची शिस्त होती. पुढे डिस्पोजेबल आल्या. स्टोव्ह गेला, उकळणं गेलं, पण काही ठिकाणी पुन्हा वापरणं तेवढं राहिलं. खेड्यातल्या एका दवाखान्यात तिने डोळ्यांनी पाहिलं होतं, डॉक्टर प्रत्येक पेशंटला सुई नवी लावायचे आणि नळी तीच ठेवायचे. त्यांच्या मनात खोट नव्हती म्हणते. सुई बदलली म्हणजे झालं, असं त्यांना खरंच वाटायचं. पण सुई शिरेत किंवा स्नायूत असताना थोडं रक्त मागे नळीत येतं, ते डोळ्यांना दिसेल इतकं नसतंही, आणि कावीळ ब पसरायला तेवढं पुरतं.

दुसऱ्या दिवशी मी गंजीपेठेतल्या दवा बाजारातून मिळतील तेवढ्या प्रकारच्या सिरिंजा आणल्या, एडीसकट, आणि टूलरूमच्या टेबलावर कटरने उभ्या चिरल्या. धंद्याच्या नजरेने सांगतो, चीज आहे. काही कंपन्या नळीत स्टीलची इवलीशी क्लिप टाकतात. मी चिरलेल्या एकीत मात्र वेगळा भाग काही नव्हताच. नळीच्या आतल्या भिंतीवर एक बारीक कडं आणि दांड्यावर मागे झुकलेले काटे, बस. औषध भरून दांडा पुढे दाबला की काटे कड्यावरून सरकतात. मागे ओढलं की कड्यात अडकतात. फारच जोर लावला तर दांडा मुद्दाम बारीक ठेवलेल्या मानेशी तुटतो. मार्क कोस्का या इंग्रज माणसाने अशाच कल्पनेमागे उमर घालवली. सुयांमधून एड्स पसरणार, असा लेख त्याने १९८४ला वर्तमानपत्रात वाचला आणि तो कामाला लागला. त्याचा पहिला माल विकला जायला १७ वर्षं लागली. त्याचं डोकं मला सर्वांत जास्त एका गोष्टीत दिसलं: साधी सिरिंज ज्या मशिनवर होते त्याच मशिनवर, मोल्डमध्ये थोडा फरक करून ही होते. कारखानदाराला नवं काही घ्यायला लावलं असतं तर १७ची ३४ झाली असती.

मग प्रश्न आला, हे इतकं सोपं आहे तर ५ मिलीच्या साध्या सिरिंजेत का नाही? लसी म्हणजे जगातल्या एकूण इंजेक्शनांपैकी पाचेक टक्के. नव्वद टक्क्यांच्या आसपास आजारावरची. लसीकरणात सगळीकडे एडीच वापरा, असं जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने १९९९लाच सांगून टाकलं. उपचाराच्या इंजेक्शनांसाठी तशी हाक द्यायला २०१५ उजाडलं. असुरक्षित इंजेक्शनांमुळे एकट्या २०१० सालात १७ लाखांपर्यंत लोकांना कावीळ ब, ३ लाख १५ हजारांपर्यंत लोकांना कावीळ क आणि ३३,८०० जणांना एचआयव्ही झाला असावा, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेनेच तेव्हा मांडला होता. मधली सोळा वर्षं काय झोपले होते का, असं मी ताईला तावातावाने विचारलं. ती म्हणाली, "तू बनव ना मग."

बनवली. पहिला नमुना रेझिनच्या थ्रीडी प्रिंटवर काढला, त्यात आठ हजार घालवले. प्रिंटचे काटे वाकतच नाहीत, तडकतात, त्यामुळे त्यावरून खऱ्या प्लास्टिकचं काहीच कळत नाही. मग बाजारातल्या ५ मिलीच्या नळ्या घेतल्या, आत कडं चिकटवलं आणि दांड्यासाठी ॲल्युमिनियमचा, एका वेळी एकच दांडा निघेल असा मोल्ड टूलरूमच्या काकांकडून करून घेतला. डिसेंबरात वीस दांडे निघाले. ताईने तिच्या दोन जुन्या मैत्रिणींना बोलावलं, दोघीही सिस्टरच. आंबिया बहाराची संत्री उतरली होती, तीच पेशंट. इंजेक्शन द्यायला शिकताना सगळ्यांचा हात संत्र्यावरच बसलेला असतो, त्यामुळे तिघी एकदम खुशीत होत्या. मी वही-पेन घेऊन समोर.

वीसपैकी एकही सिरिंज संत्र्यापर्यंत पोचली नाही.

झालं असं, की उपचाराची बरीच इंजेक्शनं पावडरच्या कुपीत येतात. सिस्टर आधी पाणी ओढते, ते कुपीत सोडते, कुपी हलवते, मग तयार औषध परत ओढते, बुडबुडे काढते आणि मग टोचते. म्हणजे दांडा निदान दोनदा मागे, दोनदा पुढे. माझी सिरिंज पाणी कुपीत सोडतानाच "झालं माझं काम" म्हणून अडकून बसायची. लसीकरणात हा घोळ नाही. तिथे पाणी मिसळायला वेगळी मोठी सिरिंज असते आणि एडी फक्त एकदा ओढते, एकदा देते. एडीत आधी हवा ओढून घ्यायची नाही, नाहीतर ती वाया जाते, असं प्रशिक्षणात मुद्दाम शिकवावं लागतं, हेही मला त्या दिवशी कळलं.

मग मी बॉलपेनसारखं केलं. खटका दाबला की आत, परत दाबला की बाहेर, तशी नागमोडी खाच दांड्यावर. दोनदा मागे-पुढे जाऊ द्यायचं, तिसऱ्यांदा अडकवायचं. कागदावर सुंदर दिसलं. फेब्रुवारीत मृगाची संत्री घेऊन पुन्हा बैठक. एका मावशींना बुडबुडा काढताना दांडा थोडा मागे-पुढे करायची सवय, त्यांची एक फेरी त्यातच गेली. दुसऱ्या मावशी टोचल्यावर दांडा किंचित ओढून रक्त येतं का ते बघतात, त्यांचीही गेली. ताई तर दोन कुप्यांतून ओढते. तिघींच्या तीस तीस वर्षांच्या सवयी, आणि मी त्यांना आकडा शिकवायला निघालो होतो. एका मावशींनी सिरिंज खाली ठेवली आणि फार प्रेमाने म्हणाल्या, "बेटा, रात्री अडीच वाजता वॉर्डात चाळीस पेशंट असले की मी मोजत नसते."

त्या रात्री मला नेमकी अडचण सापडली असं वाटतं. सिरिंजपुढे कुपी आहे की माणसाचा दंड, हे सिरिंजला कळणार कसं? दोन्हीकडे दांडा तळापर्यंतच जातो. लशीच्या सिरिंजेला ते कळायची गरजच नसते, कारण तिच्या नशिबी एकच फेरी असते. मधल्या सोळा वर्षांबद्दलचा माझा तावही तिथे उतरला.

उरला एकच रस्ता, कळ माणसाच्या हातात द्यायची. नेहमीसारखं हवं तितकं मागे-पुढे करा, टोचून झालं की शेवटी अंगठ्याने जोरात दाबा. दांडा दोन मिलिमीटर आणखी आत जाईल, टक वाजेल आणि सिरिंज संपेल. याचीही मानकं आहेत. अशा सिरिंजांसाठीच्या आयएसओ ७८८६-४मध्ये आपोआप निकामी होणारी आणि वापरणाऱ्याने निकामी करायची, असे दोन्ही प्रकार धरलेले आहेत. मी खूश. पण ५ मिलीच्या नळीचा आतला व्यास साडेबारा मिलिमीटर धरा आणि दोन मिलिमीटरचा हिशेब करा, पाव मिली औषध येतं. कुणी शेवटचा दाब दिला नाही, तर तेवढं औषध पेशंटला मिळालंच नाही. दाब दिला नाही ही चूक सिस्टरची आणि डोस बुडाला पेशंटचा, असली सिरिंज मी करणार नव्हतो. म्हणून ते दोन मिलिमीटर दांड्याच्या टोकाला असलेल्या रबराच्या पोटात नेले. रबराची गुल्ली तळाला टेकते तेव्हा औषध पूर्ण गेलेलं असतं. मग दांड्याचं डोकं त्या रबरात आणखी आत शिरतं आणि तिथली बारीक मान तुटते. त्यानंतर कितीही ओढा, दांडा हातात आणि रबर आत.

ही मान तोडायला मात्र काकांनी मला रडवलं. काका आमच्याकडे पहिल्या मशिनपासून आहेत. मी पॉलिप्रोपिलिनचे दांडे काढले तर मान तुटेना. नुसती वाकायची आणि पांढरी पडायची. काकांनी बाजूच्या क्रेटमधलं आमचंच एक झाकण उचललं, माझ्यासमोर चार-पाच वेळा टकटक उघडलं-लावलं आणि म्हणाले, "भाऊ, हे मोडन कसं? पीपी हाये थे. तुमचं झाकन मोडते का कधी?" पंधरा वर्षं ज्या गुणावर पोट भरलं तोच आता आडवा आला होता. पॉलिस्टायरीन घेतलं. ते बिचारं इतकं ठिसूळ, की टेबलावरून एक दांडा पडला तर सिरिंज वापरायच्या आधीच शहीद. मानेची जाडी दशांश एक मिलिमीटरने वाढवत, कमी करत, मोल्डला घासत-वेल्डत मार्च उजाडला. गुढीपाडव्याच्या दिवशी काका सुट्टी टाकून आले होते, हे त्यांच्या घरी अजून माहीत नाही.

आणि मग नागपूरचा मे. रबर मागे निसटू नये म्हणून तळाशी अडकवणारे छोटे काटे मी रबराच्या मागच्या बाजूला ठेवले होते. सिरिंज पॅक होताना ते दाबलेल्या अवस्थेत राहत. डझनभर नमुने गाडीच्या डिकीत टाकले आणि गाडी तीन आठवडे उन्हात उभी केली. बाहेर काढले तेव्हा काट्यांनी मान टाकलेली. प्लास्टिक दाबून उष्णतेत ठेवलं की त्याची उसळी मरते, हे मला पाठ आहे, गिऱ्हाइकांना मी ते रोज समजावतो. तरी स्वतःच्या नकाशात सुचलं नाही. उपाय सोपा निघाला. पॅकमध्ये काटे जिथे टेकतात तिथे नळीला खोलगट खाच दिली, म्हणजे पॅकमध्ये काटे मोकळे राहतात आणि शेवटी एकदाच दाबले जातात. पण हे कळायला नागपूरच लागतं.

पेटंटचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात मजा नव्हती. मार्चमध्येच प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज टाकला होता. एकट्या माणसाला ऑनलाइन १,६०० रुपये फी, अर्ज मुंबई कार्यालयाकडे. तिथून पुढे बारा महिन्यांत पूर्ण मसुदा द्यायचा. आपल्याकडे सिव्हिल लाइन्सला बौद्धिक संपदेची राष्ट्रीय संस्था आहे, पण मी तिकडे गेलो तो आधी अर्ज भरून मग. लग्न उरकून पत्रिका जुळवायला गेल्यासारखं. जुनी पेटंटं कशी शोधायची ते तिथे समजून घेतलं आणि घरी येऊन रोज रात्री शोधत बसलो. तुटणारी मान होती. सुटणारं रबर होतं. माझी नागमोडी खाचही कुणाच्या तरी नावावर होती. स्प्रिंगने सुईच आत ओढून घेणाऱ्या अमेरिकन सिरिंजा होत्या, त्या तर दुकानात मिळतात. माझं म्हणावं असं काट्यांच्या खाचेचं एक उपकलम उरलं, तेही उन्हाने शिकवलेलं.

तरी मी थांबलो नसतो. थांबवलं शेंगदाण्याच्या तेलाने.

जूनमध्ये चौथा नमुना घेऊन ताईकडे गेलो. पाणी दहापैकी दहा. पावडरची कुपी दहापैकी नऊ. तिघींनी टाळ्या वाजवल्या. ताई उठून स्वयंपाकघरात गेली आणि वाटीत तेल घेऊन आली. म्हणाली, "सगळी औषधं पाण्यासारखी नसतात." गरोदर बायांना देतात ते प्रोजेस्टेरॉन तेलातलं असतं. हृदयाच्या झडपा खराब झालेल्या पोरांना दर तीन-चार आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिन देतात, ते इतकं दाट की सुईत अडकतं. मी तेल ओढलं, २३ नंबरची सुई लावली, संत्र्यात खुपसली आणि दाबायला लागलो. दाट तेल बारीक सुईतून जायला जोर लागतो. तोच जोर दांड्यातून, मानेतून रबरावर जातो. नळीत तीन मिली तेल शिल्लक असताना टक वाजलं.

पेशंटच्या दंडात सुई आणि नळीत अर्ध्याहून जास्त औषध, दांडा माझ्या हातात. पुन्हा वापरता न येणारी सिरिंज मी केली होती खरी, पण ती एकदाही धड वापरता येत नव्हती.

मान जाड केली तर तेल चालायचं, पण मग शेवटचा दाब इतका लागायचा की ताईच्या अंगठ्याला तो झेपेना, आणि जो दाब झेपत नाही तो कुणी देत नाही. शिवाय पुन्हा वापरायचीच असं ज्याने ठरवलंय तो शेवटचा दाब देणारच नाही, हे तर पहिल्या दिवसापासून समोर होतंच. मी त्याच्याकडे कानाडोळा करत होतो, कारण माझ्या डोक्यात ताईसारख्या माणसाचा हात होता. ताईच्या डोक्यात मात्र तो नळी न बदलणारा डॉक्टर होता. यावरून आमचं एकदा चांगलंच वाजलं. माझं म्हणणं, घाईतल्या सज्जनाला सोय दिली तरी पुष्कळ. तिचं म्हणणं, सज्जनाला सोय लागतच नाही, तो पिशवी फोडून नवीनच घेतो. अजून मिटलेलं नाही.

परवान्याचंही बघून ठेवलं होतं. सिरिंज म्हणजे २०१७च्या वैद्यकीय उपकरण नियमांत ब वर्ग. धूळमुक्त खोली, गुणवत्ता व्यवस्थेची तपासणी, इथिलीन ऑक्साइडने निर्जंतुकीकरण, आणि मग परवाना. माझ्या शेडमध्ये शेजारच्या फाउंड्रीची काजळी येते. शिवाय भाव. साधी सिरिंज संयुक्त राष्ट्रांच्या खरेदीत तीन-चार अमेरिकन सेंटला पडायची आणि सुरक्षित सिरिंज निदान दुप्पट, असं २०१५ला सांगितलं जात होतं. दुपटीचा आकडा ऐकून एका खासगी रुग्णालयाच्या खरेदीवाल्या साहेबांनी मला चहा पाजला आणि विषय बदलला. चहा चांगला होता.

२०२४च्या मार्चमध्ये पेटंटच्या अर्जाचे बारा महिने संपले. पूर्ण मसुदा मी भरला नाही. त्या आठवड्यात झाकणांची मोठी ऑर्डर होती, हे कारण मी सगळ्यांना सांगितलं.

ॲल्युमिनियमचा तो मोल्ड रॅकवर वरच्या फळीला आहे. काका दर महिन्याला भंगारवाला आला की विचारतात, "भाऊ, थो देऊन टाकू का?" मागच्या आठवड्यात ताईचा फोन आला होता. तिच्या मते मान दांड्याच्या खालच्या टोकाला नकोच, वर अंगठ्यापाशी पाहिजे, म्हणजे दाबून नाही तर पिळून तुटेल, आणि मग तेलाचा जोर तिला लागणारच नाही. पण पिळायचं तरी कोण, असं मी विचारलं, तर म्हणाली, "ते मला माहीत नाही. तू करून तर आण."

काकांना सांगितलं, मोल्ड खाली काढा, पुसून ठेवा.